सरांनी उभं केलं की काही सुचत नाही

"केस रात्री नीट वाचलेली असते मॅडम, पण सरांनी नाव घेतलं की तोंडातून शब्द फुटत नाही. मी कसली वकील होणार?" कायद्याच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीचा हा प्रश्न. ही तक्रार घेऊन बरेच जण येतात.

भीतीवर बोलण्याआधी मी तिला आदल्या दिवशीची केसच सांगायला लावली. १९३२ची ब्रिटनमधली डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. तिनं घडाघडा सांगितली: मैत्रिणीनं घेऊन दिलेली जिंजर बिअरची बाटली, त्यातून निघालेली कुजकी गोगलगाय, आजारी पडलेली बाई, आणि करार नसतानाही उत्पादकावर आलेली काळजी घेण्याची जबाबदारी. कुठे अडखळली नाही.

मग मी विचारलं, "बाटली पारदर्शक काचेची असती तर?"

ती गप्प. नजर वहीकडे. वर्गात हेच होत असणार.

मूळ बाटली गडद काचेची होती. आतलं दिसत नव्हतं, पिण्याआधी तपासायची सोय नव्हती, आणि या मुद्द्यावर निकालाचा बराच भार आहे. पण हे उत्तर वहीत सापडत नाही, तिथल्या तिथे जुळवावं लागतं. हार्वर्डमध्ये १८७०मध्ये कायद्याचे प्राध्यापक लँगडेल यांनी केस पुढ्यात ठेवून प्रश्नांतून शिकवायला सुरुवात केली, ती पद्धत हीच. शिक्षक एकेक तपशील बदलतात, निकाल कशावर उभा आहे ते मुलांनी शोधायचं. ही मात्र प्रत्येक प्रश्नाला तोंडी परीक्षा समजत होती, आणि इतरांची उत्तरं चालू असताना मान खाली घालून ती उतरवून घेत होती. (वर्गात पाणउतारा करणारे शिक्षकही असतात. त्याला मी शिकवणं म्हणत नाही.)

दोन गोष्टी ठरवल्या. केस वाचून झाली की समासात एकच ओळ लिहायची: कोणता तपशील काढला तर निकाल फिरेल? आणि प्रश्न आला की उत्तर शोधत उभं न राहता, ते कशावर ठरेल हे आधी मोठ्यानं म्हणायचं. "ग्राहकाला आधी दिसलं असतं का, यावर ठरेल, सर." एवढं बोललं की पुढचं सुचतं. दुसऱ्याला प्रश्न विचारला तर पेन खाली.

काही आठवड्यांनी आली, तेव्हा तिचं एक उत्तर सरांनी पुढच्याच प्रश्नात पाडलं होतं. "मग मागच्या मुलानं भलताच मुद्दा काढला. मला पटला नाही, म्हणून हात वर केला." धडधड अजून होते म्हणाली.

कॉलेजच्या विचारानंच झोप उडत असेल, तास बुडवावेसे वाटत असतील, तर मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथे आधी त्या चिंतेवर काम करावं लागतं.