आधी कॅज्युअल्टी, मग बाकी सगळं

पोरा,

तुझा मेसेज पहाटे पाचला वाचला. "काका, बाबांचे हात बेडला बांधलेत, माझ्याकडे बघून रडतायत, मी चूक केली का." फोन करणार होतो पण केला असता तर ओरडलो असतो, आणि रात्रभर उभ्या असलेल्या पोरावर ओरडायचं नसतं. म्हणून लिहितोय. बाकड्यावर बसून सवडीने वाच.

तू बाबांना हॉस्पिटलला नेलंस ही चूक नाही. चूक मधल्या पाच तासांची आहे. पावणेआठला तू मला म्हणालास की बाबा मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवतायत आणि हातात ना सुई आहे ना दोरा, तोंडाने दोरा ओला करतायत, गाठ मारतायत, परत ओवतायत, आणि अंगाला घाम सुटलाय नुसता. माळ घालून दारू सोडल्याला किती दिवस झाले विचारलं तर म्हणालास आज तिसरा. तेव्हाच मी तीनदा बोललो, आधी कॅज्युअल्टी, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. आणि तुम्ही पोचलात साडेबाराला! मामा म्हणाले माळ घातलीय, देवच बघेल. आत्याने अंगारा लावला. कुणीतरी त्या, व्यसनमुक्तीच्या नावाने रात्री गाडी घेऊन येऊन माणूस उचलून नेणाऱ्या लोकांचा नंबर दिला. एकाला तरी वाटलं का की हा माणूस आजारी आहे?

नीट समजून घे, कारण पुढे तुलाच घरच्यांना सांगायचंय. वीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात बंद केली की मेंदूवरचा दाब एकदम सुटतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, घाम, नाडी पळणं, आपण कुठे आहोत ते न कळणं. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. उपचार मिळाले तर बहुतेक माणसं यातून उठतात, नाही मिळाले तर कितीतरी जातात. बाबांच्या माळेला मी नावं ठेवत नाही, माळेने कितीतरी घरं सावरलेली मी बघितलीत. पण माळ घालायच्या आधी डॉक्टरला दाखवायचं असतं आणि ते कुणीच सांगत नाही.

आता माझं ऐक, तुला अर्धवटच माहितीये. माझा थोरला भाऊ. १९९७, गणपती बसले त्या दिवशी आईने दारू सोडायची शपथ घालून त्याचा हात मूर्तीच्या पायावर ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला, एकेक मुंगी चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकत होता, आणि चादर पांढरी स्वच्छ. मी तेव्हा मेडिकलच्या दुकानात काउंटरला होतो, मला वाटलं मला कळतं. दुकानातनं झोपेच्या गोळ्या आणल्या, दिल्या, आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावलं, कारण घरात पाहुणे होते. रात्री दोनला धपकन आवाज आला. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात आणि शर्ट खुंटीला, अंधारात सापडेना. उघडलं तेव्हा फिट चालू होती. जीप करून एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलला नेलं, गेटवरच सांगितलं दारूची केस घेत नाही, मेंटलला न्या. मेंटल हॉस्पिटल साडेतीन तासांवर. वाटेतच गेला.

मी लोकांना कितीतरी वर्षं सांगत आलो की गोळी चुकीची नव्हती. आणि खरंच नव्हती, कॅज्युअल्टीत जे इंजेक्शन शिरेतून देतात त्याच जातीची गोळी होती ती. तेव्हा १०८ नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ ला आली. मोबाईल नव्हता. माझं वय सत्तावीस. त्या गेटवाल्याने आत घेतलं असतं तर... हे सगळं खरं आहे आणि मी आजही सांगेन. पण गोळी देऊन नाडी कोण बघत होतं, बीपी कोण मोजत होतं, श्वास कोण मोजत होतं? कुणी नाही. कुलूप बघत होतं. घर आणि कॅज्युअल्टी यात फरक एवढाच आहे आणि तेवढाच पुरेसा आहे.

म्हणून मी हट्टी झालोय. लोक म्हणतात या माणसाला दुसरं काही सुचत नाही. नको सुचू दे.

तू विचारलंस जवळच्या हॉस्पिटलात सायकियाट्रिस्ट नव्हता मग नेऊन काय उपयोग झाला. अरे, सायकियाट्रिस्ट नंतर. पहिल्या रात्री लागतो तो एमबीबीएस डॉक्टर, सलाईन, व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन (ग्लुकोज चढवायच्या आधी बी-वन, हे विचारायला लाजू नकोस), साखर आणि क्षारांची तपासणी, आणि दर थोड्या वेळाने बघणारी एक सिस्टर. मेडिसिन वॉर्डचा पेशंट आहे तो. आणि कायदाही तेच म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९४ बघ, जीवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर कुठल्याही दवाखान्यात ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, पेशंटचा नेमलेला प्रतिनिधी, नेमला नसेल तर सहसा नातेवाईक, हजर असेल तर त्याची संमती घेऊन. दारूने आणि ड्रग्जने होणारे मानसिक आजार त्या कायद्यात धरलेत. "आमच्याकडे मेंटल केस घेत नाही" असं कुणी परत म्हणालं तर भांडू नकोस, फक्त म्हण की हे केसपेपरवर लिहून द्या. सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर.

आणि पोलिसांची जी भीती मामांनी घातली ती दारूच्या पेशंटला लागूच नाही. उद्या तुझ्या रूमवरच्या कुणी जीवाचं काही करून घेतलं तरी हेच लक्षात ठेव, एमएलसी म्हणजे हॉस्पिटलातून पोलिसांना कळवायची नोंद होईल, हवालदार जबाब घ्यायला येईल, येऊ दे. कायदाच धरून चालतो की तो माणूस प्रचंड ताणाखाली होता, त्याला शिक्षेची नाही, उपचाराची गरज आहे. एमएलसीला घाबरून पेशंट घरी ठेवायचा नाही. बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, कधीही लागतो, मराठीत बोलतात. पण माणूस बेशुद्ध असेल, भ्रमात असेल, काही खाल्लं-प्यायलं असेल तर १०८ किंवा रिक्षा, जे आधी मिळेल ते. आधी कॅज्युअल्टी.

आता बांधलेल्या हातांचं. मला माहितीये ते बघवत नाही. बाबा सलाईन उपटत होते, बेडवरून उतरत होते, म्हणून बांधले असणार, पण बांधून विसरून जायचं नसतं. दर अर्ध्या तासाने जाऊन सिस्टरला विचार, नरम आवाजात, की आता शांत आहेत, सोडता येतील का. मनगटाखाली बोट जातंय का बघ, बोटं गार किंवा निळसर वाटली तर लगेच सांग. आणि शेजारी बस. खोलीतला लाईट चालू ठेवायला सांग, अंधारात भास वाढतात. तू कोण, आज वार कुठला, आपण कुठे आहोत, हे शंभरदा सांगावं लागलं तरी सांग. दोरा ओवतायत म्हणाले तर वाद घालू नकोस आणि हो ला हो पण करू नकोस. म्हण, बाबा मी आहे इथे. एवढंच बघ, माझ्या भावाजवळ त्या रात्री कुणीच बसलं नव्हतं.

ते रडत तुझ्याकडे बघत होते ना? यातलं बरंचसं त्यांना नंतर आठवणार नाही. तुला आठवेल. त्याला इलाज नाही.

दोन-तीन दिवसांत डोकं ताळ्यावर येईल आणि लगेच म्हणतील घरी चला, साखरपुड्याची तयारी राहिलीय. नेऊ नकोस. डिस्चार्जच्या आधी सायकियाट्रिस्टचं मत मागून घे, नसेल तिथे तर रेफर करून घे, आणि व्यसनमुक्तीचा विचार त्यानंतर, बाबांशी बोलून. पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासूनचं, तिथे आधी चौकशी करू. तो रात्री उचलून नेणाऱ्यांचा नंबर मात्र फोनमधून काढून टाक, आत्ता, हे वाचता वाचता.

मी अकराच्या एसटीने निघतोय. वॉर्ड नंबर टाकून ठेव आणि बाबांच्या आधीच्या गोळ्या असतील तर आईला पिशवीत भरून ठेवायला सांग, पाकिटासकट. भाकरी आणतोय तुझ्यापुरती. आईला घरी पाठव झोपायला, रात्री मी बसतो बाबांजवळ.