जीपचं इंजिन बदलायचं, पण सोनं गहाण ठेवून?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: घरात 1997 ची डिझेल जीप आहे. धूर फार टाकते, चढाला ओढत नाही. मिस्त्री म्हणतो, आहे त्याच इंजिनाचं बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कापून सारखा करणं), रिंग-पिस्टन सगळं 70 हजारांत करून देतो. नाहीतर दुसऱ्या मॉडेलचं वापरलेलं इंजिन-गिअरबॉक्स बसवू, एकूण 1 लाख 60 हजार. त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मजुरी 1 लाख 35 हजार, आणि ब्रॅकेट-पुल्यांचे अंदाजे 25 हजार. पतसंस्थेत 9 टक्क्यांच्या, लाख-लाखाच्या तीन ठेव पावत्या आहेत. त्या न मोडता 10.5 टक्क्यांनी सोनेतारण काढू का?

तुमचं सगळं लक्ष दीड टक्क्यावर आहे. 1 लाख 60 हजारांवर तो फरक वर्षाला 2,400 रुपये होतो, त्याने कुणी बुडत नाही. गोम आहे त्या 25 हजारांत.

इंजिनाचा भाव बाजारात विचारून ठरवता येतो. त्याच्या अंगावर जे लटकतं त्याचा भाव मात्र काम सुरू झाल्यावरच कळतो. दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेला स्टिअरिंग पंप तुमच्या चॅसीला घासला की तो हलवायचा, म्हणजे नवीन ब्रॅकेट. डायनामो जुना ठेवायचा म्हटलं तर त्याची पुली साध्या व्ही बेल्टची आणि त्या इंजिनाची क्रँक पुली (बेल्ट फिरवणारी मुख्य पुली) बारीक खाचांच्या रुंद बेल्टची असू शकते. मग कुपवाडला किंवा मिरजेला टर्नरकडे पुली वळवून घ्यायची. ती एक सूत जरी पुढेमागे बसली तरी बेल्ट किंचाळतो, एका बाजूने झिजतो आणि नेमका भर उन्हात तुटतो. पुलीचा व्यासही जुळावा लागतो. डायनामोची पुली मोठी झाली तर गाडी उभी असताना तो पुरेसा फिरत नाही आणि बॅटरी बसते. ब्रॅकेट पातळ पट्टीचं केलं तर डिझेलच्या थरथरीने वेल्डिंगपाशी तडकतं. प्रत्येक वेळी दोन-चार हजार जातात, आणि दर वेळी मिस्त्री म्हणतो, ‘एवढंच राहिलंय.’

यात पैशापलीकडची एक गोष्ट आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीमागे असतो. स्वस्तात दुसरा डायनामो बसवला आणि पंपाची सोय राहून गेली, तर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. जीपला बूस्टर असेल तर हे आधी विचारा.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल करायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि काम झाल्यावर 14 दिवसांत कळवावं लागतं. 1997 च्या गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं, मग पाच-पाच वर्षांनी, म्हणजे 2027 मध्ये पुन्हा नूतनीकरण आहे. तिथे इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर सगळा खर्च अंगणात उभा राहील. अपघात झाला तर विमा कंपनीही त्याच नंबरावर बोट ठेवेल.

म्हणून माझं मत 70 हजारांच्या बाजूने आहे. जुनं इंजिन राहिलं की जुनी ब्रॅकेटं, जुन्या पुल्या, जुना बेल्ट आणि आरसीवरचा नंबर, सगळं तसंच राहतं. ब्लॉकला तडा असेल किंवा सुटे भाग खरंच मिळत नसतील तरच दुसऱ्या इंजिनाकडे वळा. आणि दुसऱ्या इंजिनात वाढत वाढत दोन लाख घातले म्हणून जीप विकताना कुणी दोन लाख जास्त देणार नाही. हौस असेल तर असू द्या, वडिलांच्या गाडीची हौस मलाही कळते, पण हिशोबात ती खर्चातच धरा.

कोणतंही काम करा, सोनं तिजोरीतच राहू द्या. किती वाढेल ते माहीत नसलेल्या कामाला कर्ज काढलं की ते दुसऱ्यांदाही काढावं लागतं. बोअरिंगला एक पावती मोडली की भागतं. मुदतीआधी मोडताना व्याज थोडं कापतील, कापू द्या. ठेवीच्या व्याजावर कर लागू शकतो, तेव्हा 9 टक्के हातात पडतातच असं नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तिथला पैसा थोडा कमी झाला तर मी वाईट मानणार नाही. उरलेल्यातलीही एक पावती मुदत संपली की बँकेत हलवा.

दुसरं इंजिनच घालायचं ठरलं तर दोन पावत्यांची, म्हणजे दोन लाखांची, हद्द आखून घ्या आणि तिसरीला हात लावू नका. मिस्त्रीकडून लेखी घ्या: डायनामो, स्टिअरिंग पंप, व्हॅक्यूम पंप कुठे बसणार, कोणती पुली वळवावी लागणार, त्याचे किती. भंगारवाल्याकडून इंजिन नंबर टाकलेलं पक्कं बिल हवंच, ते नसेल तर इंजिन उचलू नका. निम्मे पैसे गाडी सुरू झाल्यावर आणि शेवटचे 20 हजार ती भरल्या लोडने आरवाडे-मणेराजुरीकडे चार खेपा करून आल्यावर द्या.

गाडी गॅरेजला पावसाळ्यातच सोडा. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांना रोख लागते, आणि तेव्हा जीपही दारात हवी.