‘मेजरपदाचा राजीनामा’ की ‘मुदतपूर्व निवृत्ती’?

प्रश्न असा आला आहे : ‘मेजरपदाचा राजीनामा देऊन त्यांनी व्यवसाय सुरू केला’ हे वाक्य बरोबर आहे का? की इथे ‘सेवामुक्त झाले’, ‘निवृत्ती घेतली’ असं काही हवं?

माझ्या मते ‘मेजरपदाचा’ इथेच वाक्य चुकतं. मंत्री मंत्रिपद सोडतो, पण मेजर हे पद नाही, तो हुद्दा (रँक) आहे. अधिकारी सोडतो ते कमिशन, म्हणजे राष्ट्रपतींकडून मिळालेली अधिकारपत्राची नेमणूक. रीतसर निवृत्त झालेल्याच्या नावामागे ‘कर्नल (निवृत्त)’ असा हुद्दा राहतो तो त्यामुळेच.

आता ‘राजीनामा’. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. जुन्या महसुली कागदांत जमीन सोडणारा ‘राजीनामा’ लिहून देई आणि घेणारा ‘कबुलायत’. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे आजही तडजोडीचा कागद. नोकरी सोडण्यासाठी तिथे ‘इस्तीफा’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘मला यातून मोकळं करा’ अशी विनंती. सैन्याला हा विनंतीचा अर्थ फार नेमका लागू पडतो. राज्यघटनेच्या कलम 310 नुसार संरक्षण दलातली नेमणूक राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत असते. सरकार अधिकाऱ्याला काढू शकतं, पण अधिकाऱ्याला स्वतःच्या मर्जीने उठून जाता येत नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत तो सेवेतच असतो आणि मंजुरी नाकारलीही जाऊ शकते. हवाई दलातल्या एका सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलं : मनाला येईल तेव्हा सेवा सोडण्याचा बिनशर्त हक्क सैनिकाला नाही. म्हणून बातमीत ‘राजीनामा दिला’ एवढ्यावर थांबू नये. ‘सादर केला’ की ‘मंजूर झाला’ ते लिहावं. 1959 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा सादर केला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागेही घेतला. ‘थिमय्यांनी राजीनामा दिला’ एवढंच वाचणाऱ्याला ते लष्करप्रमुखपदावरून गेले असंच वाटेल.

बहुतेकदा बातमीत ज्याला राजीनामा म्हणतात ती असते मुदतपूर्व निवृत्ती. लष्करी घरांत ‘पेपर टाकले’ किंवा ‘पीएमआर (प्रीमॅच्युअर रिटायरमेंट) टाकला’ म्हणतात ती हीच. 1983 मध्ये ज्येष्ठता डावलून अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले, तेव्हा लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांनी घेतली ती मुदतपूर्व निवृत्ती. फरक पैशातही उतरतो. अधिकाऱ्याची 20 वर्षं पात्र सेवा झाली असेल तर निवृत्तिवेतन मिळतं. कमिशनचा राजीनामा दिला तर सर्वसाधारणपणे नाही. शिवाय 7 नोव्हेंबर 2015 च्या ‘वन रँक वन पेन्शन’ (सारखा हुद्दा आणि सारखी सेवा, तर सारखं निवृत्तिवेतन) आदेशाने, त्यापुढे लष्करी नियम 16-बीखाली स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना त्या योजनेतून वगळलं. सही एकाच माणसाची, पण कोणत्या शब्दाखाली केली यावर घरखर्च ठरतो.

‘सेवामुक्त’ हा शब्द मी अल्पसेवा कमिशनवाल्यांसाठी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची नेमणूक) राखून ठेवेन. त्यांची 10 वर्षांची, फार तर आणखी 4 वर्षांची मुदत संपते आणि ते मोकळे होतात. ‘बडतर्फ’ ही शिक्षा आहे, ती यात मिसळू नये.

तेव्हा त्या मेजरची 20 वर्षं झाली असतील आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळत असेल, तर लिहा : ‘मेजर असताना त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आणि व्यवसाय सुरू केला.’ निवृत्तिवेतनाशिवाय अर्ज करून बाहेर पडले असतील, तर ‘कमिशनचा राजीनामा मंजूर झाल्यावर’.