भाड्याची पावती आणि ‘गोपनीय’ ठेका

प्रश्न : नातवाची मुंज आम्ही मूळ गावी केली, नगरपालिकेच्या सांस्कृतिक भवनात. भिंतीवरच्या दरपत्रकात दिवसाचं भाडं ६,००० रुपये. ठेकेदाराच्या माणसाने ‘सफाई, जनरेटर, व्यवस्थापन’ म्हणत ९,५०० घेतले. पावती साध्या कागदावर, शिक्का नाही. मी माहिती अधिकारात अर्ज केला : ‘भवन ठेकेदाराला का दिले? तो जादा पैसे का घेतो? त्याला वर्षाला किती नफा होतो?’ उत्तर आलं : ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे. तसेच त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक गोपनीय माहिती असल्याने कलम ८(१)(घ) अन्वये नाकारण्यात येत आहे.’ आता काय करू?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, आधी कबुली देते. ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’ हे वाक्य मी स्वतः निदान पन्नास वेळा लिहिलं असेल. एका नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली, त्यातली तीन वर्षं जन माहिती अधिकारी म्हणून. अर्जात ‘का’ दिसला की आम्हाला हायसं वाटायचं. कायद्याने द्यायची असते ती दप्तरात असलेली माहिती. कारणं शोधून देणं, मत देणं, नवा हिशेब मांडणं हे अधिकाऱ्याचं काम नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा तुमच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग, वाईट वाटलं तरी, बरोबर आहे.

एकदा मात्र एक निवृत्त मास्तर आले. त्यांचा अर्ज दोन ओळींचा : ‘मंगल कार्यालयाच्या ठेकेदाराने गेल्या दोन वर्षांत भरलेल्या भाड्याच्या चलनांच्या प्रती द्याव्यात.’ त्यात का नाही, कसं नाही. मी कपाट उघडलं. हप्ते चोवीस, चलनं एकोणीस. उरलेली पाच कुठे आहेत, हे मास्तरांनी विचारलंच नाही. ते आमच्या साहेबांना विचारावं लागलं, आणि त्या आठवड्यात ऑफिसात कोणी चहाला बाहेर गेलं नाही.

तेव्हा प्रश्न विचारू नका, कागद मागा, आणि तोही त्याच्या नावाने. भवन ठेक्याने दिलं म्हणजे दप्तरात हे कागद असणारच : सभेचा ठराव, निविदा सूचना आणि अटी-शर्ती, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, करारनामा, मंजूर दरपत्रक, अनामत रकमेची नोंद, हप्त्यांची चलनं. यातला तुमच्या कामाचा एकच सांगायचा तर करारनामा. ठेकेदाराने नागरिकाकडून काय घ्यायचं, पावती कोणत्या नमुन्यात द्यायची, जादा घेतलं तर दंड किती, हे त्याच्या अटींत लिहिलेलं असतं. सफाई ठेकेदाराच्याच गळ्यात असल्याची अट मी कितीतरी करारांत वाचली आहे. तुमच्याकडे तशी असेल तर ‘सफाई’चे पैसे तिथेच उघडे पडतात. नफ्याचा नाद सोडा. त्याचा नफा त्याच्या वह्यांत असतो, नगरपालिकेच्या नाही.

आता उत्तराचा दुसरा अर्धा, ‘व्यावसायिक गोपनीय’. इथे मात्र ते चुकले आहेत. कलम ८(१)(घ) नुसार, माहिती उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसणार असेल तरच ती अडवता येते, आणि मोठं सार्वजनिक हित असेल तर तेव्हाही द्यावी लागते. निविदा उघडली, ठेका दिला, भवन चालू झालं, दर भिंतीवर लागले. आता कोणती स्पर्धा उरली? उलट कलम ४(१)(ख) मध्ये कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. सवलती, परवाने किंवा प्राधिकारपत्रं कोणाला दिली याचा तपशील ही त्यातलीच एक बाब. भवन चालवण्याचा परवाना त्यातच मोडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. करारात ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक असेल तर तेवढा झाकावा आणि उरलेलं द्यावं. कलम १० त्यासाठीच आहे. एका ओळीसाठी अख्खी फाइल दाबता येत नाही.

‘ठेकेदाराला विचारलं, तो नको म्हणाला’ हेही ऐकायला मिळेल. कलम ११ प्रमाणे त्याने गोपनीय मानलेली माहिती द्यायची असेल तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याला नोटीस जाते आणि म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. म्हणणं ऐकायचं असतं, पाळायचं असतं असं नाही. निर्णय अधिकाऱ्याचाच.

तुम्ही दोन्ही वाटा एकदम धरा. उत्तराचं पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये, म्हणजे अपिलाच्या ठरलेल्या नमुन्यात, पहिलं अपील करा. ते त्याच नगरपालिकेतल्या वरिष्ठाकडे जातं. जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. शिवाय नवा अर्ज जोडपत्र ‘अ’ या अर्जाच्या नमुन्यात, १० रुपयांच्या स्टॅम्पवर. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मजकूर साधारण असा :

‘नगरपालिकेच्या सांस्कृतिक भवनाच्या चालू ठेक्याबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : १) करारनामा, अटी-शर्तींसह. २) भाडेदर मंजूर करणारा ठराव व दरपत्रक. ३) मागील दोन आर्थिक वर्षांत ठेकेदाराने भरलेल्या रकमांची चलने. ४) माझ्या कार्यक्रमाच्या तारखेची आरक्षण नोंदवहीतील नोंद.’

अर्जातल्या चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवून सांगते, तो सोडू नका. त्या नोंदीत तुमच्या नावापुढे ६,००० लिहिले असतील आणि तुमच्या हातात ९,५०० चा कागद असेल, तर तक्रार अर्ध्या पानात लिहून होते. प्रतींना पानामागे २ रुपये पडतील. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत टळली तर प्रती फुकट.

प्रश्न : बसगाड्यांवरच्या जाहिरातींचा ठेका कोणाला, कितीला दिला, हे पीएमपीएमएलकडे, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेकडे, मागता येईल का? ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ती कंपनी आहे, तिला कायदा लागू नाही.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : लागू आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून २००७ मध्ये ही कंपनी झाली, पण ती या दोन्ही शहरांच्या महापालिकांच्या मालकीची आहे. सरकारी मालकीची, नियंत्रणाखालची किंवा मोठा निधी मिळणारी संस्था म्हणजे सार्वजनिक प्राधिकरणच. पाटीवर ‘लिमिटेड’ असलं म्हणून सुटका नाही. गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : अर्ज न करता सोमवारी महापालिकेत फायली बघता येतात, हे खरं का? मला मंडईतल्या गाळ्यांच्या भाडेकराराची फाइल बघायची आहे.
— एक गृहिणी, शुक्रवार पेठ

उत्तर : खरं आहे. पुणे महापालिकेत ही सोय आधीपासून होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढून जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना ती लावली. वेळ दर सोमवारी दुपारी ३ ते ५. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस.

दोन तास म्हणजे फार नाहीत, ताई. त्यातला अर्धा फाइल शोधण्यात जातो. आधीच्या आठवड्यात जाऊन विभाग नक्की करा. गाळ्यांचे करार मालमत्तेचं काम बघणाऱ्यांकडे असतात, भाड्याची वसुली दुसऱ्याच टेबलावर निघू शकते. गाळा क्रमांक लिहून न्या. फाइल हातात आली की मागून वाचायला सुरुवात करा, कारण ताजे कागद वर लावलेले असतात असा भरवसा धरू नका. मुदत कधी संपली आणि नूतनीकरणाचा ठराव आहे की नाही, एवढं आधी बघा. हवी ती पानं क्रमांकासह टिपून घ्या आणि त्याच पानांच्या प्रतींसाठी अर्ज टाका. येताना तिथल्या नोंदवहीत नाव आणि वेळ लिहा. पुढे कोणी ‘अशी फाइलच नाही’ म्हणालं, तर अपिलात तीच नोंद दाखवता येते.