बातमीच सुचत नाही

“मॅडम, मला बातमीच सुचत नाही. मी या कामाची नाहीच बहुतेक.” एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम करणारी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सकाळच्या मीटिंगमध्ये ‘आज काय?’ विचारलं की बाकीचे भराभर सांगतात, हिच्या पोटात गोळा येतो. ‘तुला बातमीचा वासच येत नाही,’ असं वरिष्ठांनी सगळ्यांदेखत ऐकवलेलं. मी समुपदेशक; नवे वार्ताहर हीच काळजी घेऊन माझ्याकडे बऱ्याचदा येतात.

मी विचारलं, “काल कामासाठी कोणाकोणाशी बोललीस?” ती आठवत बसली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रेसनोट नीटनेटक्या करून दिल्या होत्या, फोन एकही नाही. काही महिन्यांपूर्वी एका अधिकाऱ्याने ‘आधी अभ्यास करून या’ म्हणत भर केबिनमध्ये झापलं होतं. तेव्हापासून ती मेसेज टाकते, आणि उत्तर आलं नाही की तिला हायसं वाटतं.

गोची या हायसं वाटण्यातच आहे. टाळलं की धडधड थांबते, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं आणि भीती मुरत जाते. वार्ताहराच्या बाबतीत तर माणसं तुटली की बातम्याही आटतात. तिला वाटत होतं आपलं डोकं चालत नाही. प्रत्यक्षात पाय थांबले होते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. लोक तक्रारी घेऊन येतात. तिथे जायचं, बाकावर बसायचं, बातमी आणायची नाही, एवढंच ठरवलं. शेजारी फायलीची पिशवी मांडीवर घेतलेले एक आजोबा होते. “काय काम काढलंत बाबा?” एवढं विचारलं तर त्यांनी जमीन मोजणीचे पैसे भरल्याची पावतीच पुढे केली. तारीख बरीच जुनी. मागच्या बाकावरच्या बाईंचंही तेच रडगाणं. आता विषय हाताशी होता, पण भूमी अभिलेखच्या साहेबांना फोन करायचा होता.

त्याची तालीम आम्ही खोलीत केली. मी साहेब झाले, चांगली खेकसले. तिने पहिलं वाक्य कागदावर उतरवलं: “साहेब, मोजणीच्या प्रलंबित अर्जांबद्दल दोनच गोष्टी विचारायच्यात. आत्ता बोलू की चारनंतर?” वेळ विचारली की समोरचा निम्मा नरमतो, असा माझा अनुभव आहे. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, हे तिला जास्त जड गेलं. शांतता सहन न होऊन ती स्वतःच उत्तर सुचवायची.

साहेबांनी आकडे दिले नाहीत. तिने 10 रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तोवर आजोबांसारखी आणखी माणसं गाठायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर पाणउतारा करणाऱ्या वरिष्ठांचं काय, हा प्रश्न उरतोच; तो समुपदेशनाने सुटत नाही, त्यासाठी संपादकांशी बोलावं लागतं. तेही तिने अजून केलेलं नाही.

फोनआधी हात अजून थरथरतात. पण परवा आली ती वेगळाच पेच घेऊन: एका कारकुनाने आतली गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘माझं नाव नको हं.’ छापायचं का, हे संपादकांना विचार, मी म्हटलं. पण यापुढे नाव द्यायचं की नाही ते माणूस बोलायला लागण्याआधीच ठरवून घे.