निसर्ग समाजाला घडवतो की समाज निसर्गाला? : कोल्हापूरच्या पाण्यावरून दिलेले उत्तर

निसर्ग आणि मानवी समाज यांपैकी कोण कोणाला घडवतो, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातला, नदीकाठचा ऊस उत्पादक आहे. त्यामुळे सिद्धान्तापेक्षा पाण्याच्या हिशेबाने उत्तर देणे मला सोयीचे जाते. माझ्या मते एकाने केलेला बदल दुसऱ्याला पुढची चाल करायला भाग पाडतो, आणि आमच्या भागात हा क्रम शंभराहून अधिक वर्षे नीट दाखवता येतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर पूर्वेला शिरोळमध्ये तो पाचशेच्या आसपास राहतो. म्हणजे पाऊस एका टोकाला आणि खोल काळी जमीन दुसऱ्या टोकाला. १८९६-९७ च्या दुष्काळाचा अनुभव घेतलेल्या छत्रपती शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले आणि ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पुढे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी ते काढून पूर व गाळ वाहू द्यायचा, ही त्यांची साधी युक्ती मला आजही मोठ्या धरणांपेक्षा शहाणपणाची वाटते.

नदीत बारमाही पाणी राहू लागले, पण ते लांबच्या शिवारात चढवणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. त्यातून सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, ज्वारी-भुईमुगाच्या रानात ऊस आला, गुऱ्हाळांच्या जोडीला साखर कारखाने आले, आणि कारखान्याच्या निवडणुकीला विधानसभेइतके वजन आले. हे राजकारण पाण्यावर पोसलेले आहे, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

जमिनीने याला दिलेले उत्तर मात्र सावकाश आले. काळ्या भारी जमिनीत पाण्याचा निचरा मुळातच मंद असतो. त्यात वर्षानुवर्षे सरी भरभरून पाणी पाजले की भूजल वर येते, ऊन त्याचे बाष्प करते आणि क्षार मागे उरतात. उन्हाळ्यात अशा रानात ढेकळांच्या माथ्यावर पांढरा थर फुललेला दिसतो, उसाची पाने शेंड्याकडून करपतात, फुटवे कमी येतात, आणि शेवटी बाभळीखेरीज काही टिकत नाही. शिरोळमध्ये अशी क्षारपड जमीन मोठ्या प्रमाणावर आहे, आणि पाणी पुरेसे मिळाल्यामुळेच ती नापीक झाली, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटवणे कठीण जाते.

तिच्यावरचा उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी उताराने मुख्य पाइपमध्ये आणि तिथून नाल्यात काढणे. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी कामे मोठ्या क्षेत्रावर झाली आहेत. यातली खरी अडचण तांत्रिक नाही. माझ्या रानातले पाणी नाल्यापर्यंत जायचे तर ते वाटेतल्या चार जणांच्या बांधाखालून जावे लागते, आणि त्यांतल्या एकाने नकार दिला तरी सगळी ओळ अडते; म्हणून ज्या भाऊबंदांचे बांधावरून बोलणे बंद होते, त्यांनाही एका कागदावर सह्या कराव्या लागल्या. पाणी आणण्यासाठी आजोबांच्या पिढीने संस्था काढल्या आणि तेच पाणी बाहेर काढण्यासाठी आम्हाला पुन्हा एकत्र यावे लागले.

पुराविषयी थोडेच लिहितो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदीची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अतिवृष्टी हे मूळ कारण खरे, पण पूररेषेच्या आत झालेली बांधकामे आणि भराव यांनी नुकसान वाढवले, यात मला शंका नाही. याच पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या संगमावर नृसिंहवाडीला, पुराचे पाणी दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक त्यात स्नान करतात. पूर येणारच, हे गृहीत धरून बसवलेली ही रीत आहे. नंतरच्या बांधकामांनी तो येणार नाही असे गृहीत धरले.

निचऱ्याचे खारे पाणी अखेर कृष्णेतच जाते आणि खालची गावे तीच नदी उपसतात, हेही नोंदवले पाहिजे. त्यामुळे पाइपांवर खर्च करण्याआधी ठिबक लावून पाणी कमी करावे, असे माझे मत आहे. पण ऊस टनावर मोजला जातो, त्याला किती पाणी लागले ते कोणी विचारत नाही, आणि तोवर शेजारी माझे ऐकतील अशी मला फारशी आशा नाही.