कयाकवर रॉड होल्डर बसवण्याआधी

येलदरी धरणाच्या फुगवट्यात मासेमारीला नेण्यासाठी तुम्ही दहा फुटी, वर बसून चालवायची जुनी कयाक (वल्ह्याची अरुंद नाव) घेतली आहे, तिला आधीच्या मालकाने पाडलेली दोन भोके आहेत, तिच्यावर चार रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी (रॉड) धरून ठेवणारे आधार, बसवायचे आहेत, आणि कोणते घ्यावेत व भोके कशी पाडावीत असे तुम्ही विचारले आहे. माझे पहिले उत्तर कदाचित रुचणार नाही: चार नकोत, भोके पाडून बसवलेले दोन पुरेत. त्या दोघांची जागा ठरल्याशिवाय एकही होल्डर मागवू नका, कारण होल्डर बदलता येतो, पण प्लास्टिकला पाडलेले भोक कायमचे राहते.

जागा कागदावर ठरत नाही. कयाक अंगणात गोणपाटावर ठेवा, लाइफ जॅकेट घालून नेहमीप्रमाणे बसा आणि हातात वल्हे घेऊन पंधरा-वीस मिनिटे हवेत वल्हवा. वल्ह्याचे पाते पावलांच्या आसपास पाण्यात शिरते आणि कमरेपाशी बाहेर येते. या पट्ट्यात कयाकच्या काठावर काहीही उभे असले, तर वल्हे त्यावर आपटते आणि दिवसअखेर बोटांची सालटी निघतात. घरातल्या कोणाला तरी हा पट्टा दोन्ही बाजूंना खडूने आखायला सांगा. मग पाठ आसनाला टेकलेली ठेवून हात पुढे करा आणि मूठ कोठवर सहज पोचते तेथे दुसरी खूण करा. पुढचा होल्डर पहिल्या खुणेच्या बाहेर आणि दुसरीच्या आत बसला पाहिजे. बहुतेकांना अशी जागा काठावर सापडत नाही, तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, पावलांच्या किंचित अलीकडे सापडते. पाण्यात पडल्यावर ज्या बाजूने तुम्ही परत वर चढता, ती बाजू मात्र पूर्ण मोकळी ठेवा. ओल्या अंगाने पोटावर सरकत चढताना बरगडीत घुसलेला होल्डर माणूस विसरत नाही.

आता प्रकारांविषयी. कयाकच्या अंगातच बुडवून बसवायची नळी दिसायला नीटस असते, पण तिचा कोन कायमचा ठरलेला असतो आणि ती बहुधा आसनाच्या मागे येते. रॉड वाहून न्यायला ती उत्तम. गळ ओढत वल्हवायचे असेल तर रॉडचे टोक पाठीमागे राहते आणि मासा लागल्याचे कळते ते रील (दोरा गुंडाळायची चकरी) ओरडल्यावरच. ती घेणारच असाल तर बूड बंद असलेली घ्या. उघड्या बुडाच्या नळीतून पाणी थेट कयाकच्या पोटात जाते. पकडीने आवळून बसवायचे होल्डर नावेच्या पातळ फळीसाठी किंवा गोल दांड्यासाठी असतात. कयाकच्या जाड, गोलसर काठावर त्यांना पकड मिळत नाही, म्हणून ते सोडून द्या.

माझा कौल ॲल्युमिनियमच्या पट्टीला, म्हणजे ज्या खाचेत होल्डरची बैठक मागेपुढे सरकवून आवळता येते तिला. पट्टी एकदाच बसते आणि पुढची पाच वर्षे तुम्ही मत बदलू शकता. तिच्यावर स्कॉटी कंपनीसारखा दातेरी बैठकीचा होल्डर घ्यायचा की रॅम कंपनीसारखा रबरी गोळ्यावर कोणत्याही कोनात फिरणारा, हा आवडीचा भाग आहे. मात्र एकाचा दांडा दुसऱ्याच्या बैठकीत बसत नाही, म्हणून दोन्ही एकाच जातीचे घ्या. तुमचे रील रॉडच्या खाली लटकणारे आहे की वर बसणारे, हे पाहून होल्डरची खाच निवडा.

मागच्या दोन रॉडसाठी भोक पाडण्याची गरजच नाही. भाजी मंडईत टोमॅटोचे प्लास्टिकचे कॅरेट मिळते. त्याच्या आतल्या कोपऱ्यांत ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे केबल टायने घट्ट बांधा, रीलचा पाय बसेल इतकी खाच वरच्या तोंडाला कापा, कडा घासून घ्या आणि कॅरेट आसनामागे पट्ट्याने आवळा. पाइप घेताना रॉडची मूठ दुकानात नेऊन घालून पाहा. आपल्याकडच्या उन्हात हा पाइप काही हंगामांत ठिसूळ होतो, म्हणून त्याला रंगाचा हात द्यावा.

आता बसवण्याकडे येतो, कारण माझी स्वतःची चूक येथेच झाली. पहिला होल्डर मी चार स्व-आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी थेट काठावर पिळला होता. हाताने ओढून पाहिला, हलला नाही, म्हणून खूश झालो. माजलगावच्या धरणात उन्हाळ्यात पाणी उतरले होते आणि बुडालेल्या बाभळींची खोडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली आली होती. मागे ओढत असलेला गळ एका खोडात अडकला, कयाक वाऱ्याने पुढेच जात राहिली, तंगूस (गळाचा दोरा) ताणले गेले, रॉड कमानीसारखा वाकला आणि टक-टक असे आवाज होऊन चारही स्क्रू पाठोपाठ उपटले. होल्डर आणि रॉड दोन्ही पाण्यात गेले. हाताशी उरली ती चार भोके, आणि त्यांच्या कडेला पांढरट कुरळे प्लास्टिक. कयाकचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, मऊ असते. त्यात पडलेले आटे सरळ ओढ सहन करतात, पण होल्डरवर येणारा भार तरफेसारखा असतो.

म्हणून, जेथे कयाकवरच्या झाकणातून आत हात पोचतो तेथे आरपार नट-बोल्टच वापरा: आतून रुंद वायसर आणि नायलॉनची कडी असलेला नट, आणि शक्य असल्यास वायसरखाली आधाराची पट्टी. स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या कटिंग बोर्डचा तुकडा या कामाला फार चांगला. बोल्ट स्टेनलेसचे हवेत. कोकणातल्या खाऱ्या पाण्यासाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस लागते, येलदरीतल्या पूर्णा नदीच्या गोड्या पाण्यासाठी ३०४ पुरते. हात पोचत नसेल, तर आत तीन पाकळ्या उघडणारे रिव्हेट किंवा रबर फुगवून धरणारे नट वापरा. नेहमीचे पत्र्याचे रिव्हेट येथे चालत नाहीत.

भोक पाडण्याआधी आत हात घालून पाहा की खाली तरंगण्यासाठी ठेवलेला फोम किंवा सुकाणूची दोरी तर नाही. जागेवर मास्किंग टेप लावा, बारीक बिटाने सुरुवात करा, ड्रिल मंद फिरवा, आणि भोक बोल्टपेक्षा किंचित सैल ठेवा, कारण हे प्लास्टिक मे महिन्याच्या उन्हात बरेच पसरते आणि पाण्यात उतरताच आकसते. बैठकीखाली निओप्रिन रबराची गादी ठेवा. फटी बुजवायचा सिलिकॉन पॉलिथिलीनला नीट चिकटत नाही. तो दाबून धरल्यामुळे पाणी अडवतो, म्हणून त्याच्या भरवशावर बोल्ट सैल सोडू नका आणि गादी चेपून बाहेर येईल इतका आवळूही नका. शेवटी झाकणातून दोन बादल्या पाणी आत ओता, कयाक त्या बाजूला कलती करा आणि भोकांपाशी थेंब येतो का ते पाहा.

रॉड होल्डरमध्ये असताना ड्रॅग (रीलमधून दोरा सुटण्यावरचा ब्रेक) सैल ठेवा आणि प्रत्येक रॉडला कयाकशी बांधलेली दोरी असू द्या. कणकेचा गोळा लावून रोहू किंवा कटल्याची वाट पाहताना होल्डर खरा उपयोगी पडतो आणि ओढ अचानक येते ती तेव्हाच. मरळीसाठी गवतात बेडूक खेळवताना रॉड हातातच असतो, होल्डर केवळ जादा रॉडपुरता. दोन रॉड बाहेर पसरून फिरणार असाल तर पाण्यावरचे थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या पाहत चला. त्यांच्याखाली भोई मंडळींची जाळी असतात. तलावाचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा उतरण्याआधी त्यांना विचारून घ्या.

राहिली आधीच्या मालकाने पाडलेली दोन भोके. ती एम-सीलसारख्या पुट्टीने भरू नका. ती या प्लास्टिकला धरत नाही आणि पहिल्या उन्हात खपली निघते. दोन्हींत रबरी वायसर घालून आखूड बोल्ट आवळून टाका, आणि ती पाणरेषेच्या वर आणि तुमच्या खडूच्या खुणांमध्ये बसत असतील तर नवी पट्टी त्यांच्यावरूनच न्या, म्हणजे दोन भोके कमी पाडावी लागतील.